मादाम शोकेतच्या तळघरातले ठोके

मी वाफेची कामं करतो. आमच्या वूनसॉकेट या गावात घरं जुनी, कापडगिरण्यांच्या भरभराटीत बांधलेली, आणि निम्म्याहून जास्त घरांत खोल्या तापवायला अजून वाफेचेच रेडिएटर आहेत. तळघरातला बॉयलर पाणी उकळतो, वाफ पाइपांतून वर चढते, रेडिएटर तापवते, थंड होऊन तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते पाणी पाइपांतूनच ओघळत बॉयलरकडे परत येतं. पंप नाही, काही नाही. पाइपाला उतार असेल तर पाणी परततं, नसेल तर वाटेत साचतं. माझ्या वडिलांनी मला या धंद्यात पहिली गोष्ट शिकवली ती हीच. बाकी सगळं नंतर शिकलास तरी चालेल, म्हणाले.

मादाम आल्देआ शोकेत यांच्याकडे मी नवा बॉयलर बसवला तो ब्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात. त्यांचे यजमान ओविद त्याच वसंतात गेले होते. घरात बाई एकट्या, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांचा मुलगा ल्यूसिएन माझ्या शाळेतला, एका बाकावरचा. तो म्हणाला, जुनं धूड काढून टाक, छोटा बॉयलर लाव, आणि भिंतीवर घड्याळवाला थर्मोस्टॅट बसव. आई झोपली की घर थोडं थंड होऊ दे, पहाटे पाचला पुन्हा तापव. बॉयलरचं तेल महाग झालं होतं, सगळेच तेव्हा तसं करत होते.

जुना बॉयलर बाहेर काढताना जेवणखोलीच्या खालचा मुख्य पाइप आड येत होता. तो छताच्या तुळयांना लोखंडी पट्ट्यांनी टांगलेला होता. त्यातली एक पट्टी गंजून इतकी पातळ झाली होती की माझ्या हातातच तुटली. खिशात दुसरी नव्हती. मी तारेचे दोन वेढे मारून पाइप बांधला आणि मनाशी म्हटलं, उद्या येऊन पट्टी लावू. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात कुणाचा तरी पाइप फुटला, मी तिकडे धावलो. मग थंडी पडली, फोन वाजत राहिले, आणि ती तार माझ्या डोक्यातून साफ गेली.

जानेवारीत ल्यूसिएनचा फोन आला.

"रोझेर, आई म्हणते तळघरात पहाटे कुणीतरी ठोकतं. दोनदा पोलिसांना बोलावलं तिनं. तू एकदा बघून जा बाबा."

मी गेलो ते दुपारी तीनला. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि बॉयलर सकाळपासून थोड्या थोड्या वेळानं पेटतच होता. मादामनी मला आधी स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी दिली, डुकराचा खिमा भरून भाजलेली पाई कापून पुढे ठेवली. ल्यूसिएन दाराला टेकून उभा होता, अंगातला कोट न काढता.

"रोज पाचला," मादाम म्हणाल्या. "जेवणखोलीच्या खाली. आधी दोन-तीन ठोके. मग जरा थांबतं. मग असं सुरू होतं, की कपाटातल्या बशा हलतात."

"कोण ठोकतं असं वाटतं तुला?" ल्यूसिएननं विचारलं.

"मला काय ठाऊक? तुझ्या बापाला चहा हवा असेल."

असं म्हणून त्या हसल्या. ती थट्टा होती. ओविद पहाटे उठून चहासाठी घर डोक्यावर घ्यायचे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. पण ल्यूसिएन हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मीही हसलो नाही. मी मान खाली घालून पाई खात राहिलो. मी तेव्हा नुसता हसलो असतो तरी ती थट्टा थट्टाच राहिली असती.

तळघरात उतरलो. थर्मोस्टॅट वर करायला सांगितलं, बॉयलर पेटला. काचेच्या नळीत पाण्याची पातळी बरोबर, दाब बरोबर. वीस मिनिटं उभा राहिलो. पाइप आधीच गरम होते. एकदा कुठेतरी टिक झालं, तेवढंच. जेवणखोलीखालच्या कोपऱ्यातला दिवा गेला होता, तिकडे अंधार होता. मी तिकडे गेलो नाही. पाइपाचा उतार बघायला पाणसळ लावायची असते. पाणसळ गाडीत होती आणि गाडी दारात होती.

ल्यूसिएन मला सोडायला गाडीपर्यंत आला.

"खरं सांग. पाइपांत काही आहे का?"

"काही नाही. बॉयलर नवा आहे, मी स्वतः बसवलाय."

"म्हणजे तो आवाज—"

"आवाज पाइपांचा नाही, ल्यूसिएन."

मी खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही. पण मला ठाऊक नव्हतं, हे मला ठाऊक होतं. आपलं काम, आपला बॉयलर, तीन महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि त्यात खोट आहे असं जुन्या मित्रापुढे कबूल करायचं, हे जिभेवर येईना. त्यापेक्षा ठाम बोलणं सोपं गेलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. मादाम पलंगावर झोपेनाशा झाल्या. कोट घालून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहायच्या. फेब्रुवारीत एकदा ल्यूसिएन कामावर जाताना सहज डोकावला तर त्या तळघराच्या शेवटच्या पायरीवर लाटणं हातात घेऊन बसलेल्या. पायात मोजे नव्हते. "एकदा तोंड तरी बघू दे मेल्याचं," म्हणाल्या. ल्यूसिएननं डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं विचारलं, घरात खरंच आवाज नाही याची खात्री केली का? ल्यूसिएन म्हणाला, पाइपवाल्यानं तपासलंय, तिथं काही नाही.

मार्चमध्ये त्यांना टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नेलं. मला ही बातमी चर्चच्या पायऱ्यांवर कळली. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, बिचारीला ओविदशिवाय करमलं नाही, असं लोक म्हणत होते. मीही म्हणालो.

घर वर्षभर बंद राहिलं नाही. शरद ऋतूत ल्यूसिएनची मुलगी क्लोदेत लग्न करून नवऱ्यासह तिथं राहायला आली. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत तिचा फोन आला.

"मिस्टर पेलोकँ, पहाटे तळघरात जोरात आवाज होतो हो. माझा नवरा म्हणतो बॉयलर फुटणार. तुम्ही या, पण पाचच्या आधी या. दिवसा काही ऐकू येत नाही."

फोन ठेवला आणि मागच्या जानेवारीतली ती दुपार आठवली. तरी मी स्वतःला समजावलं, हे दुसरं काही असेल.

अकरा तारखेला पावणेपाचला मी त्या तळघरात एक बादली उपडी घालून बसलो होतो. पाचला वर घड्याळ टिकटिकलं आणि बॉयलर पेटला. पंधरा मिनिटं काही नाही. मग जेवणखोलीच्या खालून दोन ठोके आले, हलके, बोटांनी दार वाजवावं तसे. मग शांतता. मग घण पडावा तसे, एकावर एक, दहा-बारा. वर बशा वाजल्या. मला सगळा धंदा माहीत असूनही मी बादलीवरून उठून उभा राहिलो. एकट्या बाईनं अंधारात, अंथरुणात पडून हे ऐकलं होतं, सगळा हिवाळा.

बॅटरी घेऊन कोपऱ्यात गेलो. माझी तार ताणून लांब झाली होती आणि पाइप मधोमध बोटभर खाली आला होता. तिथं पाणी साचत होतं. घर रात्रभर थंड राहिलं की त्या गार पाण्यावरून पहाटे वाफ सुसाट जायची, पाणी उचलून पुढच्या वळणावर आपटायची. आमच्यात त्याला पाण्याचा हातोडा म्हणतात. दिवसा पाइप तापलेला असला की तो गप्प बसतो. शिकाऊ माणसालाही हे ठाऊक असतं, आणि मी दुपारी तीनला तपासायला गेलो होतो.

मी पाइप उचलला, नवी पट्टी लावली, पाणसळ ठेवून उतार धरला. पंचवीस मिनिटांचं काम. तार गुंडाळून खिशात घातली. वर आलो तर क्लोदेत शाल पांघरून ओट्यापाशी उभी होती.

"काय होतं?"

"पाइप जरा खाली बसला होता. जुन्या घरांत होतं असं."

ती वळता वळता थांबली. आमच्या फ्रेंच घरांत आजीला मेमेर म्हणतात. "मेमेर हेच सांगायची ना? पाचला, जेवणखोलीच्या खाली?"

तिला खरं सांगायला तेव्हा काहीच अडचण नव्हती. आजूबाजूला कुणी नव्हतं, मुलगी भली होती, विचारत होती.

"ते वेगळं असेल," मी म्हणालो.

त्यानंतर दोन महिने मी कामं करत राहिलो. कुणाच्याही तळघरात गेलो की आधी प्रत्येक पाइपाला पाणसळ लावायचो, एकदा, दोनदा, तीनदा. एक म्हातारा गिऱ्हाईक म्हणाला, "रोझेर, तू रेडिएटर दुरुस्त करायला आलायस की घर नव्यानं बांधायला?" मी हसलो. रोज ठरवायचो, आज टेकडीवर जायचं, आणि रोज गाडी दुसरीकडे वळवायचो. मला वाटायचं, आता सांगून काय होणार, आता त्या खरोखरच तशा झाल्या असतील. हे वाटणं मला बरं वाटायचं, हे लिहायला आजही लाज वाटते.

मार्चच्या चौदाव्या तारखेला वृद्धाश्रमातूनच कामाचं बोलावणं आलं. तिथं वाफ नाही, गरम पाणी फिरतं. पाइपांत हवा अडकली की रेडिएटर वरच्या अंगाला थंड राहतो, मग एकेक खोलीत जाऊन किल्लीनं हवा सोडावी लागते. ते साधं काम होतं, नाही म्हणता आलं नाही. नऊ नंबरच्या खोलीत मादाम शोकेत खिडकीशी बसल्या होत्या. निम्म्या राहिल्या होत्या. हात मांडीवर, आणि बोटं थरथरत होती. मन शांत करायच्या गोळ्यांमुळे, हे मला नंतर कळलं.

मी गुडघ्यावर बसून रेडिएटरची हवा सोडू लागलो. फुस्स झालं, मग पाण्याची धार आली.

"ओविदनं खाली फडकं धरलं असतं," त्या हळू म्हणाल्या. "तू तसाच सोडतोस. फरशी ओली होते."

"मादाम, मला ओळखलंत?"

"रेडिएटरवाला. पेलोकँचा मुलगा." त्यांना शब्द शोधावे लागत होते, पण सापडत होते. "माझी पाई खाल्लीस तू. दोन तुकडे."

मी फरशीवर तसाच बसून राहिलो आणि सगळं सांगितलं. तार, पट्टी, दुपारचे तीन, ल्यूसिएनला काय म्हणालो ते. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं,

"जेवणखोलीच्या खाली होतं?"

"हो."

"पाचला?"

"पाचला घड्याळ बॉयलर पेटवतं. मग पंधरा मिनिटांनी."

"सव्वापाच," त्या म्हणाल्या. "मी पाच म्हणायची, पण सव्वापाचच वाजलेले असायचे." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "हे मला कशाला सांगतोस? मला ठाऊकच होतं. ल्यूसिएनला सांग."

"सांगतो."

"आज."

त्याच संध्याकाळी सहाला मी ल्यूसिएनच्या दारात उभा होतो. तो जेवत होता, हातात पावाचा तुकडा घेऊनच बाहेर ओसरीवर आला. मी सांगत गेलो तसा तो पावाकडे बघत राहिला.

"तुला कधी कळलं?"

"जानेवारीत."

"कुठल्या तारखेला?"

"अकरा."

"आज चौदा मार्च आहे."

"हो."

"म्हणजे ती तिथं बसली होती आणि तू दोन महिने गावभर रेडिएटर दुरुस्त करत फिरत होतास."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो ओसरीच्या पायरीवर बसला.

"मी एकदाही थांबलो नाही तिच्याकडे," तो म्हणाला. "एक रात्र तिथं झोपलो असतो, रोझेर. एकच. पाच मिनिटांवर घर आहे माझं. ती म्हणायची, तू येऊन ऐक, आणि मी म्हणायचो, आई, उद्या कामावर जायचंय." मग पाव त्यानं अंगणात टाकला. "तू जा आता."

मी गेलो.

दुसऱ्या डॉक्टरनं गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि मे महिन्यात ल्यूसिएननं आईला घरी आणलं. क्लोदेतनं आजीची खोली तिला परत दिली, स्वतः नवऱ्यासह मागच्या छोट्या खोलीत गेली. बोटांची थरथर राहिली ती राहिलीच. काही शब्दही परत आले नाहीत. पण त्या पुन्हा पलंगावर झोपायला लागल्या, स्वयंपाकघरात सगळ्यांना सूचना द्यायला लागल्या. हे मला लोकांकडून कळायचं. ल्यूसिएन चर्चमध्ये माझ्या रांगेत बसत नसे.

ऑक्टोबरात बॉयलर साफ करायची वेळ आली. मला वाटलं होतं आता दुसऱ्या कुणाला बोलावतील. पण क्लोदेतनं मलाच बोलावलं. "मेमेर म्हणाली, ज्यानं बिघडवलंय त्याला घर पाठ असतं," ती म्हणाली. मी काजळी काढत होतो, ती तळघरात कपड्यांची टोपली घेऊन आली आणि टोपली खाली न ठेवता बोलायला लागली.

"तुम्हाला फ्लोरिनाबद्दल माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं. फ्लोरिना ही मादाम शोकेतची धाकटी बहीण, सीमेपलीकडे क्वेबेकात त्रुआ-रिव्हिएरला राहायची. दर रविवारी दोघी फोनवर तासभर बोलायच्या, तीस वर्षांत खंड नाही. वृद्धाश्रमात फोनचं जमेना. आणि आदल्या नोव्हेंबरात फ्लोरिना वारली. घरच्यांनी बसून ठरवलं की आल्देआला सांगायचं नाही. तिला काय कळणार, उगाच आणखी बिथरेल. दफनाला ल्यूसिएन एकटा जाऊन आला.

"मेमेर घरी आली त्या पहिल्या रविवारी तिनं फोन मागितला," क्लोदेत म्हणाली. "तेव्हा सांगावं लागलं."

ती कपडे घेऊन गेली. मी ब्रश हातात धरून तिथंच उभा राहिलो. पाइप सरळ करता येतो. गोळ्या कमी करता येतात. बाईला घरी आणता येतं. बहिणीच्या मातीला जायचं राहून गेलं, त्याला मी कुठली पट्टी लावणार होतो?

तळघराच्या वरच्या पायरीवर मादाम आल्या. कठड्याला धरून, पण ताठ.

"रोझेर, तुझी ती गाडी सात तास चालेल का?"

"चालेल, मादाम."

"मला त्रुआ-रिव्हिएरला जायचंय. ल्यूसिएन नेतो म्हणतो, पण तो सगळी वाट रडेल. तू रडणार नाहीस ना?"

"नाही."

"मग शनिवारी ये. आणि मागचे पाइप उतरवून ये. मला खडखडाट सहन होत नाही."

मी पाइप उतरवले, गाडी धुतली, पुढच्या जागेवर उशी ठेवली. शनिवारी पहाटे निघालो. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. व्हर्मॉंटमध्ये झाडं लाल झाली होती, त्या बघत होत्या. सीमेवरच्या माणसानं विचारलं, कशासाठी जाताय? "बहिणीला भेटायला," त्या म्हणाल्या.

दफनभूमीत फ्लोरिनाच्या थडग्याचा नवा दगड शोधायला वेळ लागला नाही. मी घडीची खुर्ची नेली होती, ती मांडून दिली आणि दूर जायला निघालो.

"कुठे चाललास? इथं थांब."

मी टोपी काढून थांबलो. मादामनी दगडावरची पानं हातानं झटकली आणि बहिणीशी बोलायला लागल्या, रविवारी फोनवर बोलत असतील तशा.

"फ्लोरिना, मला यायला उशीर झाला. का झाला ते ऐक. हा उभा आहे तो पेलोकँचा मुलगा, पाइपवाला."

आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. नवा बॉयलर, पहिल्या रात्रीचा ठोका, पोलीस कसे हसले, लाटणं, पायरीवर पाय कसे गोठले, ल्यूसिएनचं तोंड, वृद्धाश्रमातलं पातळ सूप, गोळ्यांनी जीभ कशी जड व्हायची. काही वगळलं नाही, काही वाढवलंही नाही. शब्द अडला की थांबायच्या आणि तो सापडेपर्यंत पुढे जायच्या नाहीत. वारा गार होता. माझे कान दुखत होते, पण टोपी घालावी असं वाटलं नाही.

"आणि मग हा खोटं बोलला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, पाइपांचा आवाज नाही. एकदाच बोलला, पण पुरलं."

"दोनदा," मी म्हणालो.

त्या खुर्चीत वळल्या. "दुसऱ्यांदा कधी?"

क्लोदेतनं स्वयंपाकघरात विचारलं होतं ते मी सांगितलं. ते मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वृद्धाश्रमात फरशीवर बसूनही नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग होता, थकवाही होता. मग पुन्हा दगडाकडे वळल्या.

"दोनदा, फ्लोरिना," त्यांनी सांगितलं, आणि पुढची हकीकत सुरू केली.